जटायूची कथा आणि गिधाडाचे पुस्तक

(एका सार्वजनिक वाचनालयात पालक व कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या गावोगावच्या वाचनालयांत बालविभागाचे एक कपाट असते. त्यात पंचतंत्र असते, इसापनीती असते, शिवचरित्राच्या सचित्र आवृत्त्या असतात आणि पाने निसटलेले काही जुने दिवाळी अंक असतात. चार पावलांवर प्रौढांचा विभाग सुरू होतो. तेथे कादंबऱ्या, चरित्रे, प्रवासवर्णने. या दोन कपाटांच्या मध्ये एक मोकळी जागा असते आणि त्या मोकळ्या जागेत बारा ते सोळा वर्षांची मुले-मुली उभी असतात. पंचतंत्रातील बोलणारा सिंह आता त्यांना पटत नाही आणि प्रौढांची कादंबरी अजून पेलत नाही. मग त्यांच्या हाती काय पडते? सामान्यज्ञानाची पुस्तिका. जगातील सर्वांत मोठा पक्षी कोणता, सर्वांत वेगवान प्राणी कोणता, चिपको आंदोलनाचे प्रणेते कोण. खाली चार पर्याय. मूल ते पाठ करते, परीक्षेत गुण मिळवते आणि वाचनाचा नाद सोडून देते. पालकांना मात्र वाटत राहते की मुलाचे वाचन दूरदर्शन संचाने आणि मोबाइलने मारले. त्यांचा त्यात वाटा आहे, हे खरेच. परंतु त्या वयाचे पुस्तक आपण त्याच्या हाती दिले होते का, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

तेरा वर्षांच्या मुलाचा स्वभाव थोडा विचारात घ्यावा. सात वर्षांचे मूल गोष्ट ऐकताना 'मग काय झाले?' असे विचारते. तेराव्या वर्षी त्याचा प्रश्न बदलतो. 'हे खरे आहे का?' असे ते विचारू लागते, आणि उत्तर होकारार्थी आले की लगेच दुसरा प्रश्न येतो, 'मग आपण काय करायचे?' या दोन प्रश्नांना सामोरे जाणारे वाङ्मय म्हणजे कुमारांसाठीचे ललितेतर लेखन. त्यातही प्राणी, निसर्ग आणि समाजकार्य या विषयांवरची पुस्तके या वयाला विशेष मानवतात, कारण त्यांत घडलेले असते आणि करण्यासारखेही काही असते. 'किशोर' मासिकाने १९७१ पासून या वयोगटाची आठवण ठेवली, ही आपल्या महाराष्ट्राची जमेची बाजू. पण एक मासिक कपाट भरू शकत नाही.

अशा पुस्तकाने नेमके काय सांगायचे असते, हे एका उदाहरणाने पाहू. ते उदाहरण हिंदू घराला अतिशय जवळचे आहे आणि थोडे बोचणारेही आहे.

जटायू आपल्या घरात कोणाला ठाऊक नाही? सीतामाईच्या रक्षणासाठी रावणाशी झुंजलेला, पंख छाटले गेले तरी प्रभू रामचंद्र येईपर्यंत प्राण धरून राहिलेला आणि रामाने ज्याचे अंत्यसंस्कार पित्यासारखे केले तो गृध्रराज. ही कथा हजारो वर्षे आजीच्या तोंडून नातवंडांच्या कानी गेली. ज्या भूमीने गिधाडाला असा मान दिला, त्याच भूमीत १९९०च्या दशकात गिधाडे मरू लागली. १९८०च्या सुमारास देशात गिधाडांची संख्या काही कोटींच्या घरात असावी, असा अंदाज केला जातो. गावाबाहेर ढोर टाकले की तासाभरात आभाळातून त्यांची रांग उतरत असे. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातील नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. लांब चोचीच्या गिधाडांचीही जवळजवळ तीच गत. एवढा मोठा संहार डोक्यावरच्या आकाशात चालला होता आणि जटायूची कथा सांगणाऱ्या घरांपैकी किती घरांना त्याचा पत्ता होता?

पत्ता लागला तो पाहणाऱ्याला. राजस्थानात भरतपूरला केवलादेव उद्यान आहे. तेथील शिकारी पक्ष्यांचा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश वर्षानुवर्षे करीत होते. घरटी मोजणे, नोंदी ठेवणे, पुढच्या वर्षी पुन्हा मोजणे. बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल असे काम. त्या नोंदींतून आधी लक्षात आले की घरटी कमी होत आहेत. मग झाडांवर माना खाली टाकून बसलेली, सुस्त गिधाडे दिसू लागली आणि झाडांखाली मेलेली सापडू लागली. हाती जुनी वही होती म्हणून हा नेहमीचा चढउतार नाही, हे ठामपणे सांगता आले.

कारण शोधायला पुढे काही वर्षे गेली. रोगजंतू तपासले, विषाणू तपासले, कीटकनाशके आणि जड धातू तपासले. काहीच जुळेना. मेलेल्या पक्ष्यांच्या अंतर्गत अवयवांवर खडूसारखा पांढरा थर मात्र आढळे. मूत्रपिंडे निकामी होऊन युरिक आम्ल साठल्याचे ते लक्षण. अखेर पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स या अमेरिकी पशुवैद्यकीय संशोधकाच्या गटाने प्रश्न उलटा घातला. गिधाड काय खाते? गुरे. मग गुरांच्या पोटात काय जाते? औषधांच्या दुकानांतून चौकशी झाली आणि डायक्लोफिनॅक हे स्वस्त वेदनाशामक समोर आले. थकलेल्या, लंगडणाऱ्या, कास सुजलेल्या जनावराला ते सर्रास टोचले जात होते. ते जनावर दोन-चार दिवसांत मेले, की त्याच्या मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जाई. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. गिधाडांचा एवढा ऱ्हास व्हायला किती ढोरे दूषित असावी लागतात, याचाही हिशेब अभ्यासकांनी मांडला. शंभरात एकाहूनही कमी. कारण एका ढोरावर कित्येक गिधाडे एकाच वेळी उतरतात, तर गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते. जाणारे थव्याने जातात, येणारे एकएकटे येते.

आता यातील बोच ध्यानी घ्यावी. म्हातारी गाय, थकलेला बैल आपल्याकडे मरेपर्यंत सांभाळण्याची रीत आहे. ते पुण्यकर्म आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा असेच ते आहे. त्या करुणेपोटीच शेतकऱ्याने आणि गोसेवकाने जनावराची वेदना कमी व्हावी म्हणून ते इंजेक्शन देवविले. कोणाच्या मनात पाप नव्हते. गाय पूज्य, जटायू पूज्य. आणि एकीवरच्या मायेतून दुसऱ्याचा वंश बुडत चालला होता. श्रद्धा दोन्हीकडे होती, पाहणे नव्हते. परिणाम माणसापर्यंत आले. ढोरे उघड्यावर सडू लागली, भटकी कुत्री आणि उंदीर वाढले, पिण्याच्या पाण्याचे साठे बिघडले. दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख अधिकचे मृत्यू गिधाडे नाहीशी होण्याशी जोडता येतात. मुंबईत मलबार टेकडीवरच्या पारशी बांधवांच्या दख्म्यांचा प्राचीन विधीही यामुळे अडचणीत आला, तो वेगळाच.

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर केंद्र सरकारने बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध पर्याय म्हणून पुढे आले. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जात आहेत, हे लक्षात आल्यावर २०१५ मध्ये कुपीचा आकार तीन मिलिलिटरवर आणला गेला. किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या त्याच जातीच्या औषधांवर २०२३ मध्ये बंदी आली. हरियाणात पिंजोरला गिधाडांचे प्रजनन केंद्र उभे राहिले आणि तेथील काही पक्षी २०२४ मध्ये आपल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलांत आणले गेले. काम संपलेले नाही.

ही सगळी हकीकत तेरा-चौदा वर्षांच्या मुलापुढे ठेवावी. तिच्यात गुप्तहेरकथेचा शोध आहे, रसायनशास्त्र आहे, कायदा आहे, शेतकऱ्याचे अर्थकारण आहे आणि रामायणही आहे. शालेय पुस्तकात हीच हकीकत 'गिधाड हा निसर्गाचा सफाई कामगार आहे' एवढ्या एका वाक्यात उरकते. माहिती तीच, पण त्या वाक्याने कोणाची झोप उडत नाही.

चिपकोचेही तसेच झाले आहे. झाडांना मिठ्या मारून ती वाचविणाऱ्या स्त्रिया, एवढे चित्र मुलांच्या मनात असते. त्यामागचा पेच कोणी सांगत नाही. उत्तराखंडात चमोली भागात शेतकरी जू आणि नांगर बनविण्यासाठी अंगू नावाच्या झाडाचे हलके व चिवट लाकूड वापरीत. चंडीप्रसाद भट्टांच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाने १९७३ साली अवजारांसाठी थोडी झाडे मागितली. वनखात्याने ती नाकारली आणि खेळाचे साहित्य बनविणाऱ्या अलाहाबादच्या कंपनीला झाडे दिली. भांडण तेथून सुरू झाले. नांगराला लाकूड नाही आणि रॅकेटला आहे, हा न्याय कोणता, एवढा साधा तो प्रश्न होता. पुढे २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावात मजूर झाडे तोडायला आले, तेव्हा गावातील पुरुष घरी नव्हते. १९६२च्या युद्धानंतर सैन्यासाठी घेतलेल्या जमिनींची भरपाई घेण्याकरिता त्यांना चमोलीला बोलावले गेले होते. मजूर रानाकडे चाललेले एका लहान मुलीने पाहिले आणि ती गौरादेवींकडे धावली. गौरादेवी महिला मंगल दलाच्या प्रमुख. त्या सत्तावीस जणींना घेऊन निघाल्या आणि रात्रभर रानाची वाट अडवून बसल्या. त्यांनी जे केले ते का केले, हेही समजून घेण्यासारखे आहे. १९७० साली अलकनंदेला महापूर आला होता आणि उघड्या डोंगरांवरून काय खाली येते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. सुंदरलाल बहुगुणांचे नाव पर्यायांत बरोबर ओळखणाऱ्या मुलाला ती धावणारी मुलगी ठाऊक नसते. वास्तविक ती त्याच्याच वयाच्या आसपासची. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेला पूर येऊन त्याच रेणीजवळचा जलविद्युत प्रकल्प वाहून गेला, तेव्हा वृत्तपत्रांतील ते गावाचे नाव वाचून किती घरांत चिपकोची आठवण निघाली असेल?

कुमारांच्या पुस्तकांत आणखी एक दोष आपल्याकडे फार आढळतो, आणि तो संस्काराच्या नावाखाली शिरतो. नायक जन्मतःच थोर असतो. तो कधी चुकत नाही, घाबरत नाही, कंटाळत नाही. चौदा वर्षांचे मूल स्वतःला ओळखून असते. अशा नायकाला ते नमस्कार करते आणि पुस्तक मिटते. याच्या उलट डॉ. सालिम अलींचे १९८५ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र पाहावे. इंग्रजीतील त्या पुस्तकाच्या नावातच चिमणी आहे, आणि ती चिमणी लेखकाने लहानपणी हवेच्या बंदुकीने मारलेली आहे. पक्ष्यांचा एवढा मोठा अभ्यासक शिकारीच्या नादाने सुरुवात करतो, हे तो लपवीत नाही. मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून मुलाला कुतूहल वाटले. मामांनी त्याला मुंबईतील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी त्या लाजऱ्या पोराला हाकलून दिले नाही. पिवळ्या गळ्याची ती वेगळी चिमणी आहे हे समजावून सांगितले, पक्ष्यांच्या नमुन्यांची कपाटे एकामागून एक उघडून दाखविली आणि जाताना वाचायला पुस्तके दिली. त्यांत 'ईहा' या नावाने लिहिणाऱ्या एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांची पुस्तके होती. हे एटकिन जन्मले आपल्या साताऱ्यात, १८५१ साली. मोठ्या माणसाने घालवलेला एक तास आणि योग्य वयात हाती आलेली दोन-तीन पुस्तके; पुढे काय घडले ते देशाला ठाऊक आहे. वाचनालयाच्या चालकांनी हा मिलार्ड लक्षात ठेवावा. पुष्कळ ठिकाणी कपाटाला कुलूप असते आणि किल्ली घरी गेलेल्या माणसाच्या खिशात असते.

मराठीत या प्रकारचे धन थोडे नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' आहे. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' आहे. ते थोडे वरच्या इयत्तेचे, पण पंधराव्या वर्षी मुलींनी वाचून पाहावे असे. आणि मारुती चितमपल्ली आहेत. १८ जून २०२५ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. वनखात्यातील नोकरीत बदली होईल त्या रानात हा माणूस विद्यार्थी होऊन राहिला. गोंड, माडिया, पारधी यांच्याकडून त्यांनी पाखरांची आणि झाडांची नावे गोळा केली. प्राचीन भारतीयांनी पशुपक्ष्यांविषयी काय लिहून ठेवले आहे, हे मुळातून कळावे म्हणून ते संस्कृतकडे वळले आणि हंसदेवाच्या 'मृगपक्षिशास्त्र' या ग्रंथाला त्यांनी मराठीत आणले. आपल्या परंपरेचा अभिमान कसा बाळगावा, याचा हा एक वस्तुपाठ. पोथीत लिहिले आहे म्हणून मान डोलावायची नाही आणि पोथी आहे म्हणून नाकही मुरडायचे नाही; पोथी वाचायची आणि रानात जाऊन पाहायचे. 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे सभेत सांगणाऱ्यांनी चितमपल्लींचा 'पक्षिकोश' एकदा तरी उघडावा. पूर्वजांना जे ठाऊक होते ते टिपून ठेवायला किती वर्षे लागतात, ते समजेल.

प्राण्यांची पुस्तके वाचणाऱ्या मुलांत एक धोकाही असतो. जनावरांविषयी फार कळवळा आणि जनावरांजवळ राहणाऱ्या माणसाविषयी तिटकारा, असे विचित्र मन शहरी घरांत तयार होते. त्यावरचा उतारा हेमलकशात आहे. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ च्या अखेरीस भामरागडच्या त्या रानात गेले. एके दिवशी माडिया बांधव शिकार घेऊन परतताना भेटले. मारलेल्या माकडिणीच्या छातीला जिवंत पिल्लू बिलगलेले होते. या पिल्लाचे काय करणार, असे विचारल्यावर उत्तर आले, खाणार. तांदूळ देऊन डॉक्टरांनी ते पिल्लू घेतले. हेमलकशाच्या प्रसिद्ध प्राणी अनाथालयाची सुरुवात ती. 'रानमित्र' या प्रकाश आमटे यांच्या पुस्तकात हे प्राणिजीवन आहे. विलास मनोहर यांचे 'नेगल' तर एका बिबट्याभोवती फिरते आणि मुले ते हातून खाली ठेवत नाहीत.

या प्रसंगात मुलाला थांबवून विचारावे: माडियांचे चुकले का? सोपे उत्तर नाही. त्यांच्या घरी धान्य नव्हते. भुकेपोटी माणूस मुंगीपासून माकडापर्यंत सारे खातो. डॉक्टरांनी त्यांना उपदेश केला नाही. दवाखाना काढला, शाळा काढली, शेतीचे पाहिले आणि मारलेल्या जनावरांची पोरकी पिल्ले आमच्याकडे आणून द्या, एवढे सांगितले. हळूहळू ती येऊ लागली. वनवासी समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना यात नवे काही वाटणार नाही. रान वाचवायचे तर रानातल्या माणसाच्या चुलीपासून सुरुवात करावी लागते, हे ते रोज पाहतात. शहरातील मुलाला मात्र ते पुस्तकातूनच कळणार.

गिरीश प्रभुणे यांचे 'पारधी' हे पुस्तक याच कारणासाठी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना द्यावे. ते प्राण्यांवरचे पुस्तक नव्हे. पण तितर, लाव्हे यांना फासे लावणारा, पाखरांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारा हा समाज इंग्रजांनी १८७१च्या कायद्याच्या आधारे गुन्हेगार ठरविला. तो शिक्का १९५२ साली कागदावरून निघाला, गावकऱ्यांच्या आणि पोलिसांच्या मनातून निघाला नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारही बंद झाली. कायदा आवश्यकच होता. परंतु ज्याचे सारे शहाणपण रानाचे, त्याने उद्यापासून काय करायचे, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. ते उत्तर तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीच्या माळावर, पारध्यांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळेत आणि वसतिगृहात शोधले गेले. तामिळनाडूत इरुळा या साप पकडणाऱ्या समाजापुढेही हाच प्रश्न होता. सापांच्या कातड्यांचा व्यापार बंद पडल्यावर रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये इरुळांची सहकारी संस्था निघाली. साप पकडायचा, औषधासाठी विष काढायचे आणि साप पुन्हा रानात सोडायचा. सर्पदंशावरची लस ज्या विषापासून बनते, त्यातील फार मोठा वाटा या लोकांनी पुरविलेला आहे. नागपंचमीला नागाच्या चित्रापुढे दुधाची वाटी ठेवणाऱ्या घरातील मुलाला इरुळांची ही हकीकत ठाऊक असावी, एवढीच अपेक्षा. साप दूध पीत नाही, हेही त्याच दिवशी सांगून टाकावे. नागदेवतेचा त्यात काही अपमान होत नाही.

परंपरा कामाला कशी लावायची, याचे आजचे सर्वांत देखणे उदाहरण आसामात आहे. तेथे हरगिला नावाचा करकोच्याच्या कुळातला पक्षी आढळतो. उंची जवळजवळ पाच फूट, डोके टकले, गळ्याशी लोंबती पिशवी, खाणे सडके मांस. नावाचा अर्थच हाडे गिळणारा. लोक त्याला अशुभ मानीत आणि आपल्या अंगणातील कदंबाचे झाड त्याने घाण केले की झाडच तोडून टाकीत. २००७ मध्ये असे एक झाड पिल्लांसकट पाडलेले पूर्णिमादेवी बर्मन या संशोधक तरुणीने पाहिले. तिने विनवले तर लोक हसले; इतकीच कणव असेल तर आमच्या अंगणातली घाण येऊन साफ कर, असेही ऐकावे लागले. तिने आपला पीएच.डी.चा प्रबंध बाजूला ठेवला. पत्रके वाटली नाहीत. दादरा, पचरिया, सिंगिमारी या गावांतील स्त्रियांना एकत्र केले, पिठा बनविण्याच्या स्पर्धा घेतल्या आणि पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत चक्क हरगिलाच्या माद्यांचे डोहाळजेवण मांडले. गर्भवतीचे लाड करण्याची रीत तिकडेही आहेच. अंड्यावरची पक्षीण म्हणजे माहेरी आलेली लेक, असे एकदा ठरले की कोणती बाई तिचे झाड तोडू देईल? स्त्रियांनी गामोशावर आणि मेखला-चादरीवर हरगिला विणला, त्यातून दोन पैसेही मिळाले. या गावांत २०१० साली अवघी २८ घरटी होती, ती पुढे अडीचशेच्या वर गेली. 'हरगिला सेने'त दहा हजारांहून अधिक स्त्रिया आल्या, आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने बर्मन यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला. या बाईंवर कोणी सोप्या मराठीत शंभर पानांचे पुस्तक लिहील, तर ते घराघरांत वाचले जाईल. आपल्याकडील प्रकाशकांनी अनुवादांवर जो खर्च चालविला आहे, त्यातला थोडा इकडे वळवावा.

आसाम दूर वाटत असेल तर कोकणात वेळास आहे. मंडणगड तालुक्यातील, नाना फडणविसांच्या नावाशी जोडलेले गाव. येथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री येऊन वाळूत खड्डा करतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. ही अंडी उकरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या भाऊ काटदरे यांना २००२ मध्ये ते दिसून आले. अंडी नेणारा चोर नव्हता, शेजारचाच माणूस होता. त्याला पकडून देण्यापेक्षा त्यालाच राखण करायला लावणे संस्थेला शहाणपणाचे वाटले. वाळूत कुंपण घालून अंडी हलविली जाऊ लागली, पन्नासेक दिवसांनी पिल्ले बाहेर आली की ती समुद्राकडे सोडली जाऊ लागली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, ओटीवर झोपू लागले, उकडीचे मोदक आणि आंबोळ्या खाऊ लागले. मुलांना तेथे न्यावेच. पण नेण्यापूर्वी कासवांविषयी काही वाचायला द्यावे. अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते, एवढी एकच गोष्ट ठाऊक असलेले मूल त्या किनाऱ्यावर निराळ्या डोळ्यांनी उभे राहते. नुसतेच गेलेले मूल छायाचित्र काढते आणि भूक लागली म्हणते.

वाचनालयाने यासाठी मोठा निधी उभारण्याची गरज नाही. एक कप्पा मोकळा करावा आणि त्यावर कुमारविभाग अशी पाटी लावावी. वर सांगितलेल्या पुस्तकांपैकी आठ-दहा आधी आणावीत, एकेकाच्या दोन-दोन प्रती, कारण चांगले पुस्तक मित्राबरोबर वाचायचे असते. वाढदिवसाला, मुंजीला पुस्तकच देऊ, असे चार घरांनी ठरविले तरी वर्षभरात कप्पा भरतो. संस्कारवर्ग चालविणाऱ्यांनी महिन्यातून एक दिवस बोधकथा बाजूला ठेवून यातील एक प्रकरण वाचून दाखवावे आणि वाचून झाल्यावर तात्पर्य सांगू नये. मुलांना विचारू द्यावे. काही प्रश्नांची उत्तरे वर्ग घेणाऱ्याला येणार नाहीत. त्यात कमीपणा नाही, पुढच्या आठवड्यात पाहून येतो म्हणावे.

आणि गिधाडांचे प्रकरण वाचून झाले, की त्या मुलांना जवळच्या गोशाळेत न्यावे. गाईंना चारा घालावा, पाठीवर हात फिरवावा. मग गोशाळेच्या व्यवस्थापकांना मुलांनीच, नम्रपणे, तीन गोष्टी विचाराव्यात. आजारी गाईला वेदनेसाठी कोणते औषध देता? मेलॉक्सिकॅम ठाऊक आहे का? आणि गाय गेली, की तिला कोठे नेता? उत्तरे वहीत लिहावीत, तारीख घालावी. सहा महिन्यांनी पुन्हा जावे.